ऐनाची साल कमी पडली नव्हती

धाकू तांडेल गेल्याचं मला पौडच्या बाजारात कळलं. सुक्या मासळीचा धंदा करणारे रशीदभाई मापट्यानं जवळा घालत होते आणि मी पिशवी उघडून धरली होती. अर्धं मापटं ओतून ते थांबले. "सोपाना, तुझा तो समुद्रावरचा तांडेल गेला की रं. माल घेऊन येणारा गाडीवाला सांगत व्हता. तुला न्हाई कळलं?" मी न्हाई म्हणालो. "झालं आता पंधरा-वीस दिस. झोपंतच गेला म्हणं." उरलेला जवळा त्यांनी ओतला, वर एक मूठ जादा घातली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले. मी पिशवीचं तोंड बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. त्या वेळी मनात पहिलं काय आलं ते खरंच सांगतो. रडू नंतर आलं. पहिलं आलं ते हे, की आता सांगायला हरकत नाही. एका गोष्टीवर त्या माणसानं बारा वर्षं माझं तोंड बंद ठेवलं होतं, आणि त्यापायी स्वतःचं नाव खराब करून घेतलं होतं. तो गेला म्हणून मी मोकळा झालो, असं वाटलं आणि त्याचीच लाज वाटून मी घरापर्यंत चालत आलो. एसटी समोरून गेली तरी हात केला नाही.

वाचकांना हे नाव माहीत असायचं कारण नाही. कुलाबा जिल्ह्यातल्या एका लहानशा बंदरावर धाकू तांडेल रापणीचे मुख्य होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते पाण्यात सोडत अर्धा गोल फिरून येते, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर येतात आणि इकडून वीस, तिकडून वीस माणसं ते ओढतात. मी कोळवणचा, भातखाचरातला. आमचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं ते माझ्या जन्माआधी, त्यामुळं आमच्या घरात पाण्याबद्दल फारसं कुणी चांगलं बोलत नसे. चौथीत माझी शाळा सुटली. तिघा भावांत खाचरं एवढीशी, म्हणून मी रस्त्याच्या कामावरच्या टोळीबरोबर घाट उतरलो. खडी फोडत फोडत टोळी पार समुद्रापर्यंत गेली. तिथं मला हिवताप भरला आणि टोळी पुढं निघून गेली. बावीस वर्षांचा बाप्या होतो, पण एका कोळ्याच्या पडवीत गोधडीत तोंड घालून रडलो. पडवी तांडेलांची. त्यांची बायको, काशीकाकी, पेजेचं भांडं घेऊन आली आणि म्हणाली, "रडतोस कशाला त्यात? मीठ घातलंय मी."

बरा झाल्यावर तांडेल मला वाळूवर घेऊन गेले आणि दोर हातात दिला. बाकीचे हसत होते. घाटावरचा माणूस, पोहता येत नाही, होडीत पाय ठेवला की ओकतो, ह्याला घेऊन करायचं काय? तांडेल म्हणाले, "त्याला पवायचं नाय. वढायचं हाय." आणि ओढायला मी कमी नव्हतो. ज्याचा जन्म भातलावणीत गेला त्याला ओल्या वाळूत पाय रुतवायला कुणी शिकवावं लागत नाही. त्या पडवीत मी चार हंगाम राहिलो. नाव मात्र घाटीच राहिलं. दोरावर माझ्या शेजारी गोपाळ असायचा, बोलण्यात फार पट्टीचा. तो मला रोज विचारायचा, "काय घाट्या, तुझ्या धरनात म्हावरं हाय का नुसतं तुमचं गाव हाय?" मी चिडलो की त्याचा दिवस चांगला जायचा.

पण मला लिहायचंय ते मासळी न मिळालेल्या दिवसांबद्दल, कारण तांडेल मला कळले ते त्याच दिवसांत. भरलेल्या जाळ्याच्या दिवशी सगळीच माणसं चांगली असतात. जाळं मोकळं येणार हे डोळ्यांआधी हाताला कळतं. दोर ओला असूनही हलका लागतो आणि पावलं नको तितकी भराभर मागं पडायला लागतात. मग गाणं म्हणणारा मध्येच थांबतो. जाळ्याचं पोट वाळूवर आलं की त्यात शेवाळ, दोन खेकडे, एखादा फुगलेला केंड मासा, तोही खायच्या उपयोगाचा नाही... वर बायका टोपल्या घेऊन उभ्या. "काय गावलं?" हा प्रश्न कुणी विचारायच्या आत तांडेल स्वतः चालत त्यांच्याकडं जायचे आणि काहीतरी सांगायचे, एवढ्यासाठी की दोरावरच्या कुणाला उत्तर द्यायला लागू नये. एकदा काशीकाकीनंच वरून ओरडून विचारलं, "आज काय मग?" तर म्हणाले, "आज दर्याकडं पावने आलेत. उद्या बोलावलंय."

पण घरी जायची मुभा नसे. जाळं मोकळं आलं की ते वाळूवर पसरायचं आणि चाळीसच्या चाळीस माणसांनी आपापल्या वाट्याला बसून एकेक आस, म्हणजे जाळ्याचं एकेक घर, बोटांनी चाचपायचा. भोक शोधायचं. भोक असो नसो, दुपारपर्यंत शोधायचं. सुरुवातीला मला हा वेडेपणा वाटायचा. चार दिवस ओळीनं जाळं मोकळं आलं आणि मग त्याचा अर्थ कळला. उपाशी माणूस रिकामा बसला की त्याला शेजारच्याचं तोंड दिसायला लागतं, कोण अपशकुनी, कुणाची बायको आडवी गेली, कोण न्हाऊन आला नाही. तांडेल फेऱ्या मारत एवढंच म्हणायचे, "म्हावरं नाय तर भोक शोधा रं. मानूस शोधू नका." माझ्यासारख्याला ते ऐकून रात्री झोप लागायची. कारण शोधायचंच म्हटलं तर त्या किनाऱ्यावर परका माणूस एकच होता. तिथनं हाकललं असतं तर मला कोळवणशिवाय जागा नव्हती, आणि कोळवणात दोन भावांच्या ताटात मी तिसरा होतो. ही धास्ती मी चारही हंगाम पोटाशी धरून होतो.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत चार दिवस रापण बंद होती. ज्याला त्याला घर होतं. मला नव्हतं, म्हणून तांडेल म्हणाले, "सोपान, जाळं तुझ्याकडं." त्या किनाऱ्यावर मला सोपान म्हणणारे तेवढेच एक. चाळीस घरांचं पोट ज्याच्यावर, ते जाळं माझ्या एकट्याच्या हवाली... छाती भरून आली. काहीतरी चांगलं करून दाखवावं असं वाटलं. आमच्याकडं सणाला अवजारं धुतात. मी ते सगळं जाळं पाठीवर वाहून, सहा खेपा करून, गोड्या पाण्याच्या ओढ्यावर नेलं आणि मीठ निघेपर्यंत धुतलं. आणि मग ऊन बघून मला त्याची दया आली. भाताचं रोप उपटल्यावर मुठी आम्ही उन्हात टाकत नाही, झाकून ओल्या ठेवतो. सुताचंच जाळं ते, वाळून ताठ होऊन तुटेल, असं माझ्या डोक्यानं घेतलं. मी त्याचा ढीग रचला, वर ओली गोणपाटं घातली आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. तिसऱ्या दिवशी ढिगात हात घालून बघितला तर आत ऊब लागली. मला बरं वाटलं. चौथ्या दिवशी माणसं यायच्या आधी ते पसरून, वाळवून, नीट घडी घालून ठेवलं. काशीकाकी म्हणाली, "अगं बाई, घाट्यानं जाळ्याला दिवाळीचं न्हाऊ घातलं!" मी लाजलो.

पुढं आठ-दहा दिवस मासळी बेताचीच होती. आणि मग एका सकाळी पाण्याचा रंग पालटला. बांगड्याचा थवा इतका जवळ आला की वर पाखरं पडल्यासारखी पाण्यावर आपटत होती. तांडेलांनी होडी हाकारली, दोर वाळूवर आले, आणि ते वजन... मी आजही हाताच्या तळव्यांत ते सांगू शकतो. गोपाळ ओरडत होता, "वढ घाट्या, आज तुझं लगीन लावतो!" पाणी गुडघ्याइतकं राहिलं, जाळ्याच्या पोटात चांदी उकळत होती, आणि एकदम दोर हलका झाला. पुढची चार माणसं पाठीवर पडली. आवाजसुद्धा झाला नाही. जाळ्याचं पोट उसवावं तसं उघडलं आणि सगळा थवा, आमच्या पायांना घासत, परत गेला. वाळूवर राहिले असतील पाचपन्नास. ते पोरांनी उचलले.

त्या दिवशी तांडेल बायकांकडं गेले नाहीत. जायची गरजच नव्हती, बायकांनी सगळं बघितलं होतं. जाळं पसरलं. ह्या वेळी भोक शोधावं लागलं नाही, बैलगाडी जाईल एवढं होतं. गोपाळ उठला. त्याच्या घरी बायको बाळंत होती, त्याला त्या दिवशी मासळी हवीच होती, हे मला पुढं कळलं. तो म्हणाला, "मी कायच बोलत नाय. पन हा घाटी आल्यापासनं ह्या किनाऱ्याची दशा बघा. हा पनवती हाय." कुणी त्याला गप्प बस म्हटलं नाही. बुधाजी म्हणून एक म्हातारा होता, तो नुसता माझ्याकडं बघत राहिला. मला कळत होतं मी काय केलंय ते. फाटलेल्या कडेचा दोरा मी दोन बोटांत धरला तर पिठासारखा चुरा झाला. सांगावं तर दोर सुटणार, न सांगावं तर पनवती म्हणून तरी सुटणारच.

तांडेल खाली बसले. त्यांनी दोरा तोडला, नाकाशी नेला. मग माझ्याकडं बघितलं, एकदाच, आणि उठले. म्हणाले, "साल कमी पडली." कुणाला समजेना. "ऐनाची साल. औंदा जाळं शिजवताना मी साल वाचवली. सूत कुजलं. चूक माझी हाय, आनि कुनाची नाय."

इथं थोडं सांगायला हवं. तेव्हा जाळी सुताची असत. हंगामाच्या आधी मोठ्या काहिलीत ऐनाच्या झाडाची साल उकळून त्या लालभडक पाण्यात जाळं शिजवायचं, म्हणजे ते कुजत नाही. साल किती घालायची, किती वेळ उकळायची, हे तांडेलाचं काम आणि तांडेलाची अब्रू. तांडेलानं साल वाचवली म्हणणं म्हणजे आचाऱ्यानं जेवणात भेसळ केली म्हणण्यासारखं. गोपाळनंसुद्धा मान खाली घातली. "तू? तू वाचवलीस?" एवढंच तो म्हणाला. म्हातारा बुधाजी वाळूत थुंकला आणि घरी निघून गेला. भोक शोधायला बसायच्या दिवशी परवानगीशिवाय उठून गेलेला तो पहिला माणूस.

चौथ्या दिवशी तांडेलांनी मला विचारलं, "तुझ्या मुलखात ऐन हाय ना?" मी म्हटलं, ऐनाशिवाय दुसरं काय हाय? निजामपूरपर्यंत लॉरीनं आणि पुढं घाटवाट चढून आम्ही दोघं कोळवणला आलो. समुद्रावर वाऱ्यासारखा वावरणारा तो माणूस घाटात दर वळणाला बसायचा आणि म्हणायचा, "तुमी लोकं जिमिन उभी का केली?" घरी माझे दोघे भाऊ राबासाठी ऐन सवळत होते. रोपाची जागा भाजायला आम्ही फांद्या तोडून वाळवतो, त्यालाच राब म्हणतात. थोरला भाऊ म्हणाला, "साल कशापायी पायजे? आमी जाळनारच हाय की ते." तांडेल म्हणाले, "जाळा, पन सोलून जाळा." "म्हंजे फांद्या आमी तोडायच्या, सोलायच्याबी आमी, आन् मासं तुमी खायचं व्हय?" "काटे ठेवतो की तुमाला," तांडेल म्हणाले. भावाला हा माणूस तिथंच आवडला.

दोन दिवस आम्ही साल काढली. दुसऱ्या दिवशी जेवताना भाताच्या गोष्टी निघाल्या. तांडेलांना शेतीतलं काही माहीत नव्हतं, म्हणून ते विचारत होते आणि भाऊ सांगत होता. बी कसं भिजवायचं, गोणपाटात बांधून वर वजन कसं ठेवायचं, पाणी कसं मारायचं. "आन् आत हात घालून बगायचं. ऊब लागली पायजे. ऊब लागली की समजायचं, जमलं." तांडेलांचा घास हातातच राहिला. ते माझ्याकडं वळले. "सोपान," ते म्हणाले, "तुला ऊब लागली व्हती काय रं?" मी ताटाकडं बघत म्हटलं, "व्हय." आणि तो माणूस हसायला लागला. ठसका लागेपर्यंत हसला. भावाला वाटलं मिरची लागली, त्यानं पाणी दिलं.

घाट उतरताना मी म्हणालो, मी सगळ्यांना सांगतो. साल कमी पडली नव्हती. त्यांनी डोक्यावरचा भारा सारखा केला. मग म्हणाले, "वासावरनं मला समजलं व्हतं, जाळं ओलं कुजलंय. का, ते समजत नव्हतं. मला वाटलं, आळस केला असंल. आता समजलं तू लई मेहनत केलीस." आणि पुन्हा हसले. मी म्हटलं, "मग सांगू द्या की." "सांगून? गोप्या तुला दोराला हात लावू देल? माझं नाव जुनं हाय, थोडं झिजलं तर झिजलं. तुझं अजून झालंच नाय. मी हाय तोवर बोलू नको. मागनं तुझं तू बघ."

मी बोललो नाही. भित्रा होतो म्हणून बोललो नाही, त्यांचा शब्द हे त्यावरचं पांघरूण. त्या सालीत शिजलेलं नवं पोट जाळ्याला लावलं, मासळी आली, गोपाळच्या पोरीच्या बारशाला मी जेवलो. पण तीन माणसं रापण सोडून शेजारच्या तांडेलाकडं गेली ती गेलीच. आणि दर वर्षी काहील चुलीवर चढली की येणारा-जाणारा म्हणायचा, "साल घातलीस काय रं धाकू, का वाचवलीस?" ते म्हणायचे, "घातली बाबा, घातली." मी शेजारी लाकडं सारत बसलेलो असायचो. पुढं माझा थोरला भाऊ वारला आणि खाचरं बघायला मी कोळवणला परत आलो, लग्न झालं, पोरं झाली. दर वर्षी रशीदभाईंच्या गाडीवाल्याबरोबर मी ऐनाच्या सालीचे भारे धाडायचो, लागतील त्याच्या दुप्पट. मग एका वर्षी निरोप आला, "नायलॉनचं जाळं घेतलं. ते कुजत नाय, तू किती पन झाकून ठेव. आता साल नको, तांदूळ धाड."

तर रशीदभाईंनी सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी मी आंबेमोहोराचं गाठोडं बांधून निघालो. पोचलो तेव्हा सकाळची रापण ओढून झाली होती आणि मासळी नव्हती. तांडेलांचा मुलगा विश्राम आता तांडेल आहे. तो, गोपाळ आणि आणखी सात-आठ जण पडवीतच बसले होते. गोपाळचे केस पांढरे झालेत. "आला का घाटी," तो म्हणाला, आणि त्यानं माझं गाठोडं उतरवून घेतलं. काशीकाकी दारात बसली होती. मी तिच्या पाया पडलो आणि उठायच्या आतच बोलायला सुरुवात केली, नाहीतर झालं नसतं. ओढा, गोणपाटं, पाणी शिंपडणं, ऊब, सगळं. साल कमी पडली नव्हती, हे मी तीनदा म्हणालो असेन.

मला वाटलं, आता उठून मारतील, आणि मारलं तर बरं होईल. गोपाळनं डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "म्हंजे बारा वर्सं मी तुला पनवती समजलो," तो म्हणाला, "आनि तू नुसता येडा व्हतास?" मी व्हय म्हटलं. "मग तवाच सांगायचं. येड्याला आमी ठेवून घेतला असता रं. येडे हितं कमी हायत काय?" विश्राम आधी हसला, मग त्याला रडू फुटलं.

काशीकाकी हसली नाही, रडलीही नाही. पडवीच्या भिंतीवर, तांडेल पाठ टेकून बसायचे तिथं, तेलकट काळा डाग पडलाय, माणसाच्या खांद्याएवढा रुंद. ती त्या डागाकडं तोंड करून बसली. "मी बारा वर्सं बोलले तुमाला," ती म्हणाली. "जेवताना बोलले. आपल्या पोरीच्या लग्नात पावन्यांच्या देखत बोलले, साल वाचवली तशी हळद वाचवू नका म्हून. अवं, मला तरी सांगायचं व्हतं." आणि ती थांबली. तांडेलांना उत्तर द्यायला नेहमी जितका वेळ लागायचा, बरोबर तितका वेळ थांबली. आम्ही सगळेच थांबलो.

मग "बरं" म्हणाली, आणि माझ्या गाठोड्यातला तांदूळ निवडायला सूप आणायला आत गेली.